वाट बठ्ठासनी शे

तीन जीपगाड्या वाटेच्या तोंडाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी इंजिनं बंद केली, तेव्हाच ताईबाईला नवल वाटलं. एरवी चारचाकीवाला बांधाशी आला की हॉर्न वाजवतो आणि वाजवतच राहतो; काट्याच्या फाटकाला जसे काही कान असतात. हे लोक वाजवेनात. पुढच्या गाडीतून मेंदी लावलेल्या दाढीचा पन्नाशीतला माणूस उतरला, फाटकाला हात न लावता अलीकडेच उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, ही वाट तुमच्या शेतातून जाते असं गावात कळलं. नाल्यापर्यंत जाऊन यायचं होतं. जाऊ द्याल का?"

भादवा सरत आला होता. ताईबाई सकाळपासून कपाशीत निंदत बसली होती. उठताना तिनं आधी गुडघा दाबला, मग कंबर, आणि खुरपं तसंच हातात धरून फाटकाशी आली. बोरपाणी गावात तिच्या तोंडाला सहसा कोणी लागत नसे. कोणाची शेळी धुऱ्यावर दिसली तरी ती शेळीवाल्याच्या आज्यापासून सुरुवात करायची. पण हा माणूस विचारत होता. विचारणाऱ्यापुढं तिची जीभ एकदम गरीब व्हायची, हा तिचा जुना दोष.

तो धुळ्याचा हसीब. तिथं त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि रविवारी आठ-दहा जण मिळून ते सातपुड्यातल्या कच्च्या वाटांवर गाड्या चालवायला निघत. "पण आमचे नियम आहेत मावशी," तो बोटं मोजत म्हणाला. "चाकोरी सोडायची नाही. पिकात चाक घालायचं नाही. वाट ओली असली तर मागं फिरायचं. फाटक जसं सापडलं तसं लावायचं. आणि मालकाला विचारल्याशिवाय एक पाऊल पुढं नाही." त्याची लेक मिसबाह मागं मोबाईल धरून उभी होती. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "हिचं शूटिंग चालू आहे बरं का. परवानगी घेतली याचा पुरावा ठेवतो आम्ही. उद्या कोणी म्हणायला नको, की हे लोक घुसले."

ताईबाईनं पदर सारखा केला. खुरपं पाठीमागं लपवलं. आणि वर्षातून एकदाच, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, जो आवाज ती काढायची तो काढून म्हणाली, "वाट काय आमनी शे का, भाऊ? वाट बठ्ठासनी शे. जा सुखे."

वाट आमची कुठली, वाट सगळ्यांची: हे तिचे शब्द नव्हतेच. ती वाट म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, निंबाच्या, चार एकरांच्या कडेनं गेलेली आठ फुटांची पट्टी. नाल्यापलीकडं तिघांची शेतं होती आणि त्यांच्या बैलगाड्यांना जायला जागा नव्हती, म्हणून निंबाच्या बापानं, चुडामणनं, ती आपल्या रानातून सोडलेली. नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही. दर आखाजीला, सालदारांची नवी सालं ठरतात त्या दिवशी, पलीकडचे तिघे वाटेच्या तोंडाशी असलेल्या शेंदरी दगडावर नारळ फोडायचे आणि घरच्या बाईला विचारायचे, "वाट शे ना, अक्का?" त्यावर घरच्या बाईनं जे म्हणायचं ते हे. ताईबाई लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं तिला बजावलं होतं, "आमनी शे आसं तोंडमाईन काढानं नही वं माय. मांगनाराले हलकं वाटस. बठ्ठासनी शे म्हनानं." ज्याची वाट त्यानंच असं म्हणायचं असतं, हे त्या तिघांना ठाऊक होतं, ताईबाईला ठाऊक होतं. धुळ्याच्या मोबाईलला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

गाड्या आत आल्या, बैलगाडीच्या चाकोरीतूनच, पायी चालणाऱ्याच्या चालीनं. वाटेच्या मध्यावर विहीर होती. चुडामणनं भावांच्या मदतीनं हातानं खोदलेली, दगडानं बांधलेली, आणि मोटेचं पाणी ओतायचं तिचं दगडी थारोळं अजून शाबूत. थारोळ्याला घासूनच वाट वळायची. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला नाल्याची उभी दरड. कडब्यानं भरलेली गाडी तिथून निघाली की चाकाला वीतभर जागा उरायची, त्याहून जास्त नाही. हसीब तिथं खाली उतरला आणि हातानं खुणा करत, चाक बोटभर इकडं, बोटभर तिकडं करवत एकेक गाडी त्यानं काढली. थारोळ्यावर त्यानं तळहात ठेवला आणि म्हणाला, "हे काम आता कोणाला येत नाही."

उन्हं उतरल्यावर ते परत गेले. फाटकाच्या दोराला ताईबाई जसा पीळ द्यायची तसाच पीळ देऊन गेले. वाटेत पडलेल्या गुटख्याच्या पुड्या, दुसऱ्याच कोणाच्या, त्याही गोळा करून नेल्या.

"तीन गाड्या गयात, पन कपाशीनं एक पान हालनं नही," ताईबाई घरी निंबाला म्हणाली. "मानसं शेतस त्या."

"तुले कोनी मावशी म्हंतं का तू इरघळी जास," निंबा म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

पंधरा दिवसांनी सुनेनं, दिपमालानं, तिला मोबाईलवर तिचंच तोंड दाखवलं. ताईबाईचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता आणि सून इथं. "आई, दोन लाख मानसंसनी देखं तुमले," दिपमाला हसत म्हणाली. मिसबाहनं ते चित्र सगळ्यांना बघायला टाकलं होतं. वर लिहिलं होतं, 'सातपुड्याच्या पायथ्याची वाट आणि मोठ्या मनाची मालकीण.' ताईबाईनं ते तीनदा पाहिलं. "पदर देख कसा शे मना. आधी सांगतात ते नवं लुगडं नेसतू ना मी," ती कुरकुरली. पण तिला बरं वाटलं होतं, उगीच कशाला लपवा. दुसऱ्या दिवशी वेचणीच्या बायकांना तिनं आपण होऊन ते दाखवायला लावलं.

नाल्यापलीकडच्या तिघांत रतिलालचं रान मोठं. दोन वर्षं कपाशीनं त्याला हात दिला नव्हता. त्या हिवाळ्यात त्यानं पळाट्या उपटल्या, जमीन सपाट केली आणि शहरातून येणाऱ्यांसाठी तंबू ठोकले. चुलीवरचं भरीत, कळण्याची भाकरी, शेकोटी, आणि डोंगरापर्यंत गाडी घालायची मजा. ताईबाईची ती फिल्म तो गिऱ्हाइकांना पाठवायचा म्हणे, वाट कशी आहे ते दाखवायला.

मग गाड्या यायला लागल्या. सुरतेच्या, इंदूरच्या, कुठकुठच्या. यांत हसीबचा एकही नव्हता. हे विचारत नव्हते. फाटक उघडलं की उघडंच टाकायचे आणि गावची गुरं कपाशीत शिरायची. ताईबाई दिवसातून चारदा धावत जाऊन फाटक लावायची, परत येऊन वेचायला बसायची, की पुन्हा घुर्रर्र.

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला. बोंडं फुटून पांढरी झालेली, तशातच दोन दिवस झड लागली. काळी माती ओली झाली की तिच्यात बैलसुद्धा घालत नाहीत. पलीकडचा तोताराम पाऊस थांबल्यावरही चार दिवस गाडी न जुंपता डोक्यावर चारा वाहत होता, तो काही वेडा म्हणून नव्हे. पण रविवार आला आणि सहा गाड्या आल्या. चिखल उडाला की आतली पोरं आरोळ्या ठोकायची. चाकोरी गुडघाभर खोल गेली. खोल गेल्यावर गाड्या तिच्यातून चालेनात, तेव्हा त्या कडेनं, कपाशीतून निघाल्या. तीन ओळी. फुटलेली बोंडं चिखलात दाबली जाऊन, चाकाच्या नक्षीसकट, कापसाची पोळी लाटावी तशी झाली.

ताईबाई तुरखाटी, तुरीची वाळकी काठी, घेऊन गाडीच्या आडवी उभी राहिली. तिनं त्यांचा आजा काढला, पणजा काढला. गॉगल लावलेला एक पोरगा काच खाली करून म्हणाला, "मावशी, चिडू नका ना. तुम्हीच तर बोलावलंत." आणि त्यानं मोबाईल पुढं धरला. त्यातून तिचाच आवाज आला, गोड, आखाजीचा. *वाट बठ्ठासनी शे. जा सुखे.* आत चौघं होती, सगळी हसली. ताईबाईच्या हातातली तुरखाटी खाली आली. स्वतःलाच काय शिव्या द्यायच्या? चिखल तिच्या पोटऱ्यांवर उडवत गाडी गेली.

वाफसा आल्यावर तीन दिवस घरची तिघं त्या चाकोऱ्या बुजत होती. नाल्यातून मुरूम खोदायचा, घमेल्यात भरायचा, दरड चढून आणायचा. बैलगाडी आत नेता येत नव्हती. चाकोरी बुजल्याशिवाय गाडी नाही आणि गाडीशिवाय चाकोरी लवकर बुजत नाही. दिपमालाचे तळहात आधीच वेचणीनं बोंडांच्या नखांनी फाटलेले, त्यांत घमेल्याच्या काठाचे फोड आले. दुसऱ्या दिवशी दुपारी निंबा घमेलं उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. त्याला सरळ होता येईना, बसताही येईना. ताईबाईनं त्याला बांधाला टेकवून तसाच आडवा केला, लुगडं खोचलं आणि त्याच्या कमरेवर गुडघा देऊन दाबत राहिली. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मना बापनी वाट सोडी, पन मुरूम टाकानं आमनावर सोडं."

तिसऱ्या संध्याकाळी वाट पुन्हा गाडीवाट झाली. चौथ्या सकाळी ताईबाईनं बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास आणून तोंडाशी आडवे टाकले, पुरुषभर उंच. तोतारामला तिनं सांगून ठेवलं, "तू फक्त हाक मार. मी काटा काढसू, तुनी गाडी गई का परत लावसू." तोतारामचं दीड एकर आणि एक बैलजोडी. तो मान हलवून "हा अक्का" म्हणाला. तिसऱ्या शेताचा मालक गाव सोडून गेलेला, त्याचा प्रश्नच नव्हता.

रतिलाल दुपारी आला. पांढरा पायजमा, नवी चप्पल. काट्यांपलीकडूनच म्हणाला, "वहिनी, काटा काढा. मना पावना अडकी पडनात."

"आखाजीले नारळ लिसन ये," ताईबाई म्हणाली. "तधळ देखसू."

"आते कसाना नारळ? तुम्हीच सांगेल शे, बठ्ठासनी शे म्हनीसन. बठ्ठा गावनी आयकेल शे."

"सव्वीस सालपाईन तू मांगस, रतिलाल. सव्वीस नारळ फोडात तू त्या दगडवर."

"दगडले फोडात," रतिलाल म्हणाला. "तुमले नही."

सव्वीस वर्षं हा माणूस टोपी काढून तिच्या दारी यायचा. पहिल्या वर्षी तर त्याच्या गाडीचं चाक इथंच निखळलं होतं आणि तिनंच आपल्या गाडीचं चाक काढून दिलं होतं. ती त्याला हे सगळं सुनावणार होती, पण तोवर तो फोनवर बोलत लांब गेला होता.

अर्ज झाला. वहिवाटीचा रस्ता अडवला म्हणून. तालुक्याच्या कचेरीतून नोटीस आली, मग साहेब जागा पाहायला आले. ते रतिलालच्या तंबूच्या बाजूनं, पायवाटेनं चालत आले. ताईबाईनं घरून दूध, साखर, आलं आणून बांधावर तीन दगडांची चूल मांडून चहा केला होता. साहेब कपाळावरचा घाम टिपत म्हणाले, "नको, आत्ताच झाला." कारकुनानं टेप लावली. आठ फूट. विहिरीपाशी साडेसात. "इथं अडचण आहे," असं साहेब स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. ताईबाईला धीर आला. तिला वाटलं, विहीर आहे म्हणून इथून मोठ्या गाड्या नकोत, असं ते म्हणतायत. त्यांना विहीर हीच अडचण वाटत होती, हे तिला फार उशिरा कळलं. चहा तिनं घरी परत जाताना कपाशीच्या बुंध्याशी ओतला.

माघात सुनावणी. दोन तारखा नुसत्या बाकावर बसून गेल्या. तिसऱ्या तारखेला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ओरडत नव्हते, घाई करत नव्हते. ताईबाईला ते "आजी" म्हणाले आणि खुर्ची द्यायला लावली. मग रतिलालच्या वकिलानं मोबाईल टेबलावर ठेवला.

*वाट काय आमनी शे का, भाऊ? वाट बठ्ठासनी शे. जा सुखे.*

"हा आवाज तुमचा आहे?"

"मनाच शे."

"कोणी जबरदस्ती केली होती, असं बोला म्हणून?"

"नही साहेब. जबरदस्ती कसानी?"

"मग वाट सगळ्यांची आहे असं तुम्ही स्वतः म्हणालात."

"म्हनानंच तसं ऱ्हास, साहेब," ताईबाई खुर्चीच्या काठावर आली. घरून तिनं हेच घोकून आणलं होतं. "आपला घर पावना उना का आपन म्हंतस, घर तुमनंच शे, बसा. मंग तो पावना घर नावे करी लेस का?"

कारकून फसकन हसला. वकील हसले. दारातला शिपाई हसला. साहेबांच्याही तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते रुमालानं पुसलं. ताईबाईला वाटलं, पटलं यांना. तीही हसली. मग तिनं पाहिलं, कारकुनाची लेखणी हललीच नव्हती.

"आजी, असं काही लेखी आहे का? वर्षाला परवानगी घ्यायचे, असा कागद?"

"नारळ ऱ्हास साहेब. कागद नही ऱ्हास."

रतिलालनं जबाब दिला की नारळ तो देवाला फोडायचा, परवानगी त्यानं कोणाला कधी मागितली नाही. हे सांगताना तो साहेबांच्या मागच्या कपाटाकडं बघत होता. मग तोताराम. त्याला ताईबाईनंच आणलं होतं, धुतलेलं धोतर नेसवून. तो उभा राहिला आणि खरं ते सांगितलं: चाळीस वर्षं मी या वाटेनं जातो, अक्काला विचारून जातो. कारकुनानं लिहिलं, *साक्षीदार चाळीस वर्षांपासून सदर रस्त्याचा वापर करीत आहे.* विचारून, हा शब्द राहून गेला. वाचून दाखवल्यावर तोतारामनं अंगठा दिला. शब्द राहिल्याचं त्याला कळलं असतं तरी साहेबाला "थांबा" म्हणणं त्याच्या अंगात नव्हतं.

सगळ्यांत शेवटी हसीब उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. दिपमालानं मिसबाहला फोन केला होता आणि तो गॅरेज बंद करून धुळ्याहून आला होता. "साहेब, वाट यांची होती म्हणून तर मी विचारलं," तो म्हणाला. "सरकारी रस्त्यावर मी कोणाला विचारतो का?"

"तुम्ही विचारलंत ते तुमचं सौजन्य," साहेब शांतपणे म्हणाले. "उत्तर काय आलं ते आम्हाला बघावं लागतं."

बाहेर आल्यावर हसीब ताईबाईच्या पुढं उभा राहिला. त्याला खूप बोलायचं होतं हे दिसत होतं. "मी ती फिल्म काढून टाकली मावशी. सुनबाईंचा फोन आला त्याच दिवशी," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

"तुनी चूक नही रे भाऊ," ताईबाई म्हणाली. "तू इचारं हाई तुनी चूक. नही इचारतास ते मी तुले शिव्या देतू, आनि वाट आमनी ऱ्हाती." तिला त्याला दुखवायचं नव्हतं, पण शब्द निघून गेले. हसीब मान खाली घालून गाडीकडं गेला. पुढं तो बोरपाणीकडं फिरकला नाही. वाद असलेल्या वाटेवर गाडी घालायची नाही, हाही त्यांचा एक नियम होता, आणि त्यानं तो पाळला.

हुकूम फाल्गुनात आला. दिपमालानं वाचून दाखवला. वहिवाट सिद्ध. अडथळा काढावा. रस्ता बारा फूट. दरडीच्या बाजूला जागा नसल्यानं वाढीव रुंदी शेताच्या बाजूनं घ्यावी. निंबानं विचारलं, "शेतनी बाजू म्हंजे इहीरनी बाजू ना?" दिपमालानं कागद पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला. कागदावर विहिरीचा उल्लेख नव्हता. त्यावर अपील करता येतं म्हणे. निंबाची कंबर, जिल्ह्याच्या गावाच्या खेपा, वकील, कसं झेपणार? निंबा भिंतीकडं तोंड करून झोपला.

चैत्रात जेसीबी आला. ऊन असं की लोखंडाला हात लागला तर कातडी निघावी. चालवणारा पोरगा कुठला तरी, घामानं निथळत होता. त्यानं केबिनमधून उतरून पाणी मागितलं. ताईबाईनं विहिरीचंच पाणी काढून तांब्या भरून दिला. तो प्यायला, "थंड आहे," म्हणाला, वर चढला आणि त्यानं पहिल्यांदा वाटेच्या तोंडाचा शेंदरी दगड उचलला. ठेवायला जागा नव्हती म्हणून तो पुढं नेला. मग थारोळं. चुडामणच्या हातचे दगड लवकर सुटेनात, तेव्हा जेसीबीनं दात रोवून झटका दिला आणि थारोळ्याबरोबर विहिरीचं त्या अंगाचं अर्धं बांधकाम सरकलं. आधी दगड गेले, मग मातीचा लोट, मग तो शेंदरी दगडही. खाली मोटारीचा पाइप होता. आवाज बराच वेळ येत राहिला. धूळ बसल्यावर पोरगा खाली डोकावला आणि ताईबाईकडं बघून म्हणाला, "मला बारा फूट सांगितलंय हो, मावशी." केबिनमध्ये राहिलेला रिकामा तांब्या तिनं त्याच्याकडून मागून घेतला. निंबा बांधावर बसून होता. तो उठला नाही.

आखाजी आली. या दिवशी पितरांच्या नावानं नवी घागर भरून पूजतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. चुडामणची घागर नेहमी चुडामणच्या विहिरीच्या पाण्यानं भरायची. या वर्षी ताईबाईनं ती गावच्या हातपंपावर, रांगेत उभी राहून भरली. गावात झोक्यावर पोरींची गाणी चालली होती, घरोघरी आंब्याचा रस आणि खापरावरची पोळी. घागर पुजून झाल्यावर ती रानात आली. का आली ते तिलाही सांगता आलं नसतं. वाटेवरचा कोरडा मुरूम पांढरा पडला होता, बारा फूट रुंद, सरळ.

तोंडाशी तोतारामची गाडी उभी होती. बैलांना धुतलेलं, शिंगांना गेरू. तोताराम जुवाशी उभा होता, हातात नारळ, आणि इकडंतिकडं बघत होता. नारळ फोडायचा दगड त्याला सापडत नव्हता. मागून रतिलालच्या पाहुण्यांच्या दोन गाड्या हॉर्न वाजवत आल्या. त्यानं गाडी घाईनं दरडीच्या कडेला ओढली, बैल बिथरले, एकाचा पाय घसरता घसरता राहिला. गाड्या गेल्या. धूळ बैलांवर, तोतारामवर, नारळावर बसली. त्यानं गाडी पुन्हा वाटेच्या तोंडाशी आणून उभी केली.

"जाय ना रे," ताईबाई लांबूनच ओरडली. "आते कोन अडावस तुले?"

"इचारं नही आजून, अक्का."

"कोले इचारस? सरकारनी वाट शे आते."

तोतारामनं नारळाची धूळ धोतरानं पुसली, टोपी काढली आणि चाळीस वर्षं विचारायचा तसंच विचारलं, "वाट शे ना, अक्का?"

शब्द सवयीनं जिभेवर आले. वाट बठ्ठासनी शे. ते तिथंच अडकले. इतकी वर्षं तिनं ते ऐटीत म्हटले होते, कारण ते खरे नव्हते. आता ते खरे होते, कचेरीचा शिक्का होता त्यांच्यावर, आणि तिला ते उच्चारवेनात. पलीकडं विहिरीच्या जागी अर्धवर्तुळ उरलं होतं, त्यात दगडांचा ढीग, आणि ढिगाखाली कुठं तरी पाणी. तोताराम टोपी हातात धरून वाट बघत होता. हो म्हटल्याशिवाय तो बैल हलवणार नव्हता. अख्ख्या तालुक्यात आता विचारणारा हा एकच उरला होता.

ताईबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. जे तोंडातून काढायचं नाही म्हणून सासूनं बजावलं होतं, ते म्हणताना तिला भर बाजारात डोक्यावरचा पदर पडल्यासारखी लाज वाटली.

"वाट आमनी शे, तोताराम," ती म्हणाली. "आमनी शे. मना सासरानी सोडेल शे. जाय सुखे."

तोतारामनं मान हलवली. गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर नारळ फोडला, अर्धी वाटी तिच्या ओंजळीत दिली आणि बैलांना हाक घातली. गाडी जुन्या सवयीनं कडेच्या आठ फुटांतूनच गेली.

हे मात्र कोणी मोबाईलमध्ये घेतलं नाही.